गिटने तुमचा पासवर्ड कुठे ठेवलाय ते शोधा

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाने पहिल्या पुशच्या वेळी (म्हणजे कोड सर्व्हरवर पाठवताना) पासवर्ड विचारला आणि नंतर कधी विचारलाच नाही, तर तो तुमच्या संगणकावर कुठेतरी जपून ठेवलेला आहे. कुठे ठेवायचा, हे ‘क्रेडेन्शियल हेल्पर’ ठरवतो. कोड ठेवण्याची वेबसाइट असलेल्या गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून अशा कामांसाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं. त्याऐवजी टोकन (गिटहबने तयार करून दिलेली गुप्त अक्षरमाला) द्यावं लागतं, पण तेही तसंच साठवलं जातं.

१. आधी कोणता हेल्पर चालू आहे ते पाहा. टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांत ही आज्ञा द्या:
गिट कॉन्फिग --शो-ओरिजिन --गेट-ऑल क्रेडेन्शियल.हेल्पर
हेल्परचं नाव आणि तो कोणत्या सेटिंग फाइलमधून आला, दोन्ही दिसेल.

२. ‘स्टोअर’ दिसलं तर लगेच हातपाय हलवा. होम फोल्डरमधली ‘.गिट-क्रेडेन्शियल्स’ ही लपलेली फाइल उघडा. युजरनेम आणि टोकन त्यात उघड्या अक्षरांत लिहिलेलं सापडेल. संगणकावरच्या इतर युजरना ती फाइल वाचता येत नाही, एवढंच काय ते संरक्षण. होम फोल्डरचा बॅकअप घेतलात, की टोकनही त्याच्यासोबत गेलं.

३. स्वतःच्या लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टिमची तिजोरी वापरा. मॅकवर ‘ओएसएक्सकीचेन’, लिनक्सवर ‘लिबसीक्रेट’, विंडोजवर गिट क्रेडेन्शियल मॅनेजर. हा शेवटचा ‘गिट फॉर विंडोज’सोबतच मिळतो.

४. सगळ्यांच्या वापरातल्या लिनक्स सर्व्हरवर मला ‘कॅशे’च योग्य वाटतो. तो पासवर्ड फक्त मेमरीत ठेवतो आणि ९०० सेकंदांनी, म्हणजे १५ मिनिटांनी विसरतो. ‘--टाइमआउट’ने ही मुदत बदलता येते.

५. आता जुनं साफ करा, आणि इथे घाई करू नका. नवा हेल्पर जोडला म्हणून जुना जातोच असं नाही. एकाहून जास्त हेल्पर असतील, तर लॉगिन यशस्वी झाल्यावर गिट त्या सगळ्यांनाच पासवर्ड साठवायला सांगतं. म्हणजे कीचेन लावूनही तो पुन्हा उघड्या फाइलमध्ये उतरू शकतो. त्यामुळे सेटिंगमधली ‘स्टोअर’ची ओळ काढा, मग ती फाइलही हाताने पुसा. ओळ काढल्याने फाइल आपोआप जात नाही.

६. प्रत्येक रिपॉझिटरीत (म्हणजे गिटने सांभाळलेल्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये) ‘गिट रिमोट -व्ही’ चालवा. क्लोन करताना, म्हणजे सर्व्हरवरून प्रकल्पाची प्रत उतरवताना, पत्त्यातच टोकन घातलं असेल, तर ते तिथे जसंच्या तसं दिसेल. पत्ता बदला, जुनं टोकन गिटहबच्या सेटिंगमध्ये जाऊन रद्द करा आणि नवं तयार करताना त्याला मुदत घाला.