बस-मेट्रो सगळ्यांना वापरता यावी असं प्लॅनिंग करताय? मग या चुका टाळा

स्टेशनवर लिफ्ट बसवली, नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह टाकलं, की काम झालं असं बऱ्याच प्लॅनिंगवाल्यांना वाटतं. मग वर्षभराने तेच म्हणतात, लिफ्ट तर रिकामीच असते, वापरतंय कोण? अहो, वापरणारा माणूस तिथवर पोचतच नाहीये, कारण बाहेरचा फूटपाथ मधेच तुटलाय नाहीतर स्टेशनपर्यंत आणणारी बस पायऱ्यांची आहे. पहिली चूक हीच, स्टेशनं मोजायची आणि प्रवास मोजायचाच नाही. नेहमी लागणारे काही प्रवास निवडा, म्हणजे घर ते हॉस्पिटल, घर ते कॉलेज, आणि व्हीलचेअरवाल्या, अंध, काठी घेऊन चालणाऱ्या लोकांसोबत दारापासून दारापर्यंत ते करून बघा, परतीचेसुद्धा, आणि जिथे जिथे अडलं तिथे आधी पैसे घाला.

दुसरी चूक म्हणजे सगळा भार एकाच लिफ्टवर. समजा प्रत्येक लिफ्ट 98 टक्के वेळ चालू असते, ऐकायला मस्त वाटतं ना? पण एका प्रवासात अशा 4 लिफ्ट लागत असतील तर 100 पैकी साधारण 8 वेळा माणूस कुठेतरी अडकणार, येऊन-जाऊन धरलं तर 15 वेळा. अशा भरवशावर नोकरी कोण करेल! म्हणून मोठ्या जंक्शनला दुसरी लिफ्ट किंवा रॅम्प हवाच (चढ साधारण 1:12, म्हणजे 1 फूट वर जायला 12 फूट लांबी, त्याहून उभा रॅम्प केला की मागून ढकलायला माणूस लागतो), आणि लिफ्ट बंद आहे हे घरातून निघायच्या आधी कळलं पाहिजे, खाली पोचल्यावर चिकटवलेला कागद वाचून काय उपयोग.

आता गॅप, म्हणजे प्लॅटफॉर्म आणि गाडी यांच्यामधली फट. प्लॅटफॉर्मपर्यंत पोचणं आणि गाडीत चढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लंडनच्या ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या नकाशात म्हणूनच दोन वेगळी चिन्हं असतात, निळं म्हणजे थेट गाडीपर्यंत पायरी नाही, पांढरं म्हणजे फक्त प्लॅटफॉर्मपर्यंत. गडबड कुठे होते तर डबे एक टीम घेते, प्लॅटफॉर्म दुसरी बांधते आणि उंची जुळते का हे शेवटी बघतात, त्यात प्लॅटफॉर्म वळणावर असेल तर विचारूच नका. बसचंही तेच. लो-फ्लोअर बस घेतली, रॅम्प आहे, पण स्टॉपसमोर गाड्या पार्क केलेल्या, त्यामुळे बस रस्त्याच्या मधेच थांबते आणि रॅम्प थेट रस्त्यावर उतरतो, इतका उभा की चढताच येत नाही. ड्रायव्हरला मेमो देऊन हे सुटत नाही. स्टॉपचा फूटपाथच पार्किंगच्या रांगेएवढा पुढे आणा, मग बसला आत वळायची गरजच राहत नाही.

व्हीलचेअर म्हणजेच दिव्यांग, हाही एक गैरसमज. स्क्रीन आहे तर आवाज नाही, आवाज आहे तर स्क्रीन नाही, असं करू नका, दोन्ही लागतात. आणि अंध लोकांना वाट कळावी म्हणून बसवतात त्या उठावाच्या पिवळ्या टाइल्स! जपानच्या सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये त्या तयार केल्या, 1967 मध्ये ओकायामात पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. इतकं साधं असूनही पट्ट्या सरळ खांबावर नेऊन सोडतात किंवा ठिपके डिझाइन म्हणून कुठेही टाकतात, त्यापेक्षा नसलेल्या बऱ्या.

मोठ्या महानगरात सगळ्यात जास्त घोळ हद्दीवर होतो. शहराची बस एकाची, उपनगराची दुसऱ्याची, मेट्रो तिसऱ्याची, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, मेडिकल सर्टिफिकेट वेगळं. घरून नेणाऱ्या गाडीची सेवा असेल तर ती हद्दीवर उतरवते आणि दुसऱ्या गाडीची वाट बघत बसा. अमेरिकेत कायद्याने ही सेवा ठरलेल्या बसमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैल, म्हणजे साधारण 1.2 किमीपर्यंत द्यावीच लागते, पण ती किमान अट आहे, त्यामुळे उपनगरातला बसमार्ग बंद झाला की या गाडीचा हक्कही जाऊ शकतो. मार्ग कापताना हे आधी तपासा. पूर्ण प्रदेशात एकच नोंदणी, एकच फोन नंबर ठेवा.

डेटाचंही बघा. जीटीएफएस फाइलमध्ये (म्हणजे स्टॉप आणि वेळापत्रकाची माहिती ॲपना ज्या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये देतात ती फाइल) प्रत्येक स्टॉपला व्हीलचेअर चढते का हे सांगायची जागा असते आणि लोक ती रिकामी सोडतात, मग ॲपला काहीच कळत नाही. जिथे चढता येत नाही तिथे सरळ 'नाही' भरा, निदान माणूस दुसऱ्या स्टॉपवर तरी जाईल.