स्वभाववर्णनासाठी इंग्रजी शब्द: यादीपेक्षा छटा महत्त्वाची

इंग्रजीत माणसांच्या स्वभावाचे वर्णन करायला शिकणारे बहुतेक जण एखाद्या लांबलचक यादीपासून सुरुवात करतात. त्या यादीत प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे एकच मराठी प्रतिशब्द असतो. स्वतः शिकताना आणि पुढे इतरांना मदत करताना मला असे दिसले की, या वाटेने शब्द वाचताना ओळखू येतात, पण बोलताना ऐनवेळी आठवत नाहीत. शिवाय ही यादी कधी संपतही नाही. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी वेबस्टरचा मोठा शब्दकोश चाळून माणसामाणसांतला फरक सांगणारे सुमारे १८,००० शब्द वेगळे काढले, आणि त्यांपैकी टिकाऊ स्वभावगुण सांगणारेच साडेचार हजारांच्या घरात भरले. नवशिक्याने त्यांच्या मागे लागू नये. साठ-सत्तर शब्द नेमके वापरता आले, तरी रोजचे संभाषण आणि नोकरीची मुलाखत निभावून जाते.

त्या दोघांनी केलेली विभागणी मात्र आपल्या कामाची आहे. कायमचा स्वभाव सांगणारे शब्द, तात्पुरती मनःस्थिती सांगणारे शब्द आणि बोलणाऱ्याचे बरेवाईट मत सांगणारे शब्द त्यांनी निरनिराळ्या गटांत ठेवले होते. ‘ही इज रूड’ म्हटले की तो माणूस मुळातच उद्धट ठरतो, तर ‘ही इज बीइंग रूड’ म्हटले की तो आत्ता उद्धटपणे वागतो आहे, एवढाच अर्थ होतो. प्रश्नांचेही तसेच आहे. ‘व्हॉट इज शी लाइक?’ हा प्रश्न स्वभावाविषयी असतो आणि ‘हाउ इज शी?’ हा सहसा ख्यालीखुशालीचा असतो. पहिल्याला ‘शी इज फाइन’ असे उत्तर दिले, तर विचारणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही.

खरी गोम तिसऱ्या गटात, म्हणजे मताच्या छटेत आहे. पैसा जपून वापरणाऱ्याला ‘थ्रिफ्टी’ म्हटले तर कौतुक होते आणि ‘स्टिंजी’ म्हटले तर तोच माणूस चिक्कू ठरतो. ‘क्युरिअस’ म्हणजे जिज्ञासू, पण ‘नोझी’ म्हणजे भोचक. ‘चाइल्डलाइक’मध्ये निरागसता आहे आणि ‘चाइल्डिश’मध्ये पोरकटपणा. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमात याच खोडीवर बोट ठेवले होते: मी ठाम असतो, तू हट्टी असतोस आणि तो मात्र आडमुठा मूर्ख असतो, अशा आशयाचे ते उदाहरण पुढे फार गाजले. मराठीतही हे तिन्ही शब्द शेजारी ठेवताच त्यांतली चढती नाराजी कोणालाही जाणवते, म्हणजे छटा ओळखणारा कान आपल्याकडे आधीपासूनच असतो. म्हणून असे शब्द सुटे न शिकता जोडीने किंवा तिघांच्या गटाने शिकावेत, असे माझे ठाम मत आहे (हट्टी म्हटलेत तरी हरकत नाही).

ओळखीचे वाटणारे शब्द अधिक फसवतात. साध्या राहणीच्या माणसाला आपण सहज ‘सिंपल’ म्हणतो. पण इंग्रजीत माणसासाठी वापरलेल्या या शब्दातून अल्पबुद्धीचा अर्थही निघू शकतो, म्हणून तेथे ‘अनअझ्युमिंग’ किंवा ‘डाउन-टू-अर्थ’ अधिक सुरक्षित आहे. मन लावून काम करणाऱ्याला आपण ‘सिन्सिअर’ म्हणतो, परंतु त्या शब्दाचा भर मनाच्या खरेपणावर असतो; चोख आणि जबाबदारीने काम करणारा तो ‘कॉन्शिएन्शस’. ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस आणि ‘सेन्सिटिव्ह’ म्हणजे हळवा किंवा संवेदनशील, ही गल्लत तर रोजचीच आहे.

शब्द पक्का करण्यासाठी त्याच्यासमोर अर्थ न लिहिता वागणूक लिहावी. माझ्या वहीत ‘रिलायेबल’पुढे ‘उशीर होणार असेल तर आधी कळवते’ असे होते, आणि ‘बॉसी’पुढे ‘कोणी विचारले नसतानाही कामे वाटून देतो’. डोळ्यांसमोर ओळखीचा माणूस असला की शब्द चटकन जिभेवर येतो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीतील बोलण्याच्या परीक्षेत एखाद्या व्यक्तीचे वर्णन करण्याचा विषय येऊ शकतो आणि तेथे एका मिनिटाच्या तयारीनंतर एक ते दोन मिनिटे बोलायचे असते; अशा वेळी दहा विशेषणांची माळ लावण्यापेक्षा दोन गुण सांगून प्रत्येकाला एक प्रसंग जोडणे कितीतरी परिणामकारक ठरते.

दोष सांगताना सूर मवाळ ठेवण्याची इंग्रजीची रीतही सोबतच शिकून घ्यावी. ‘ही इज इम्पेशंट’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष असले तरी कानाला कठोर लागते. ‘ही कॅन बी अ बिट इम्पेशंट’ म्हटले की तीच गोष्ट सहकाऱ्यांसमोरही बोलता येते. ‘टेंड्स टू बी’ आणि ‘नॉट द मोस्ट पंक्चुअल पर्सन’ यांसारख्या रचनाही याच कामाच्या आहेत. शिफारसपत्रात दुसऱ्याचा किंवा मुलाखतीत स्वतःचा दोष सांगतानाही त्यांचाच आधार घ्यावा, मात्र एका वाक्यात एकदाच. दोन-तीनदा वापरल्यास बोलणारा काहीतरी लपवतो आहे, असा संशय येतो.