नवी कॉइल टाकूनही तिसरा सिलिंडर मिस

गाडी चार सिलिंडरची, जुनी पेट्रोल. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज देणारी). नाशिकहून मुंबईला जाऊन परतताना कसारा घाटात चढाला झटके, आयडलला थरथर, चेक इंजिनचा दिवा लुकलुकणार. स्कॅनरवर कोड पी 0303, म्हणजे तिसरा सिलिंडर मिस, त्यात पेट्रोल नीट जळत नाही. (दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं आणि तो बाद होतो.)

इंजेक्टर क्लीनर, नवे प्लग, नवी कॉइल... दोन महिन्यांत पुन्हा तेच. डोकंच फिरलं.

मग गार इंजिनवर 3 ची कॉइल 1 वर लावली, कोड पुसला, फेरी मारली: पी 0301, म्हणजे मिस कॉइलबरोबर पहिल्या सिलिंडरवर गेला. म्हणजे दोष कॉइलचाच, पण नवी कॉइल गेली कशाने? टॉर्च मारली तर 3 च्या प्लगच्या खड्ड्यात इंजिन ऑइल. टॅपेट कव्हरचं (इंजिनवरच्या झाकणाचं) ट्यूब सील, म्हणजे प्लगच्या खड्ड्यात ऑइल येऊ न देणारी रबरी रिंग, कडक झालेलं. ऑइलने कॉइलचं प्लगवर बसणारं रबरी बूट फुगतं आणि ठिणगी प्लगच्या टोकाऐवजी बाजूने इंजिन हेडच्या धातूला उडते.

प्लग काढण्याआधी ऑइल सिरिंजला नळी लावून ओढा, नाहीतर सिलिंडरमध्ये उतरतं. प्लगच्या पांढऱ्या भागावर काळी रेघ असेल तर तो नवा असला तरी फेका. कव्हर उघडून गॅस्केट आणि चारही सील एकदमच बदला. बोल्ट आवळताना मधल्यापासून कडेकडे जा, दोन टप्प्यांत; 6 मिमीच्या बोल्टला 10 न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे, जास्त ओढलं की ॲल्युमिनियमचे आटे जातात. नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकेपर्यंत, मग पान्याने अर्धा फेरा. शेवटी चांगली कॉइल, बूटच्या आत किंचित डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस.

त्याच घाटात पुन्हा चढवली. कोड नाही.