स्मार्टवॉचमधले हृदयाचे ठोके व्हीआरचॅटमधल्या अवतारावर

व्हीआरचॅट या आभासी जगाच्या खेळात आपल्या अवतारावर, म्हणजे तिथल्या आपल्या पात्रावर, हृदयाचे ठोके दाखवायचे तर मार्ग असा: स्मार्टवॉचवरचं अ‍ॅप ठोके पल्सॉइड किंवा हाइपरेटसारख्या सेवेकडे पाठवतं, संगणकावरचा छोटा प्रोग्राम तिथून आकडा उचलून ओएससीने (प्रोग्रामांनी एकमेकांना माहिती पाठवायची पद्धत) व्हीआरचॅटला देतो. खेळातल्या अ‍ॅक्शन मेन्यूत ऑप्शन्स, ओएससी, एनेबल्ड. प्रोग्राममध्ये पत्ता १२७.०.०.१ (म्हणजे हाच संगणक) आणि पोर्ट ९०००. ९००१ हे खेळातून बाहेर येणाऱ्या माहितीचं, तिथे पाठवलं तर काहीच होत नाही. खेळ थेट क्वेस्ट या व्हीआर हेडसेटवर चालत असेल तर त्या हेडसेटचा वायफायवरचा पत्ता द्या.

अवतारात एकच इंटिजर पॅरामीटर (पूर्णांक साठवणारा कप्पा) पुरतो. तो ० ते २५५ आकडे धरतो आणि अवताराला मिळणाऱ्या २५६ बिटांपैकी फक्त ८ खातो. फ्लोट (दशांश आकड्याचा पॅरामीटर) -१ ते १ मध्येच फिरतो, त्यामुळे सरळ ९२ पाठवून चालत नाही, आधी भागाकार करावा लागतो. पॅरामीटरचं नाव दोन्हीकडे हुबेहूब हवं, अगदी लहान-मोठ्या अक्षरांसकट. नवा पॅरामीटर घालून अवतार पुन्हा चढवलात आणि आकडा हलेना, तर त्याच ओएससी मेन्यूत रिसेट कॉन्फिग दाबा. बहुतेकदा अडतं ते इथेच. चॅटबॉक्समध्ये आकडा दाखवायचा असेल तर दर २-३ सेकंदांनीच पाठवा, भडिमार केला की खेळ काही वेळ संदेशच बंद करतो.

आकडा एकाच जागी गोठला तर घड्याळाची बॅटरी-बचत बंद करून व्यायामाची नोंद चालू ठेवा. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधा. नाचणाऱ्यांनी मात्र छातीचा ब्लूटूथ पट्टाच घ्यावा, हात सतत हलला की मनगटावरचा प्रकाश-सेन्सर चुकतो.