प्रवाळाला पिल्लं झाली? आधी आईकडे बघा, आणि या चुका टाळा

गेल्या दोन महिन्यांत माझ्या फोनवर असे पाच फोटो आले. काचेवर किंवा खडकावर एक तपकिरी ठिपका, त्याभोवती लाल रंगाने काढलेला गोल, आणि खाली एकच प्रश्न: "काका, ही पिल्लंच ना?" दोघांकडे खरोखर पिल्लं होती. दोघांकडे ऐप्टेशिया निघाला, म्हणजे टाकीत तणासारखं पसरणारं समुद्रफूल. पाचव्याच्या टाकीत प्रवाळ मरत होतं, आणि तो घरच्यांना आनंदाची बातमी सांगून मोकळा झाला होता.

न्यू जर्सीत आमच्या बेसमेंटमध्ये माझी २८० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी चौदा वर्षं चालू आहे. या काळात ठरवून असं मी एकही प्रवाळ वाढवलं नाही, जे झालं ते आपोआप झालं. आणि त्यातलं जे गमावलं ते घाईमुळे गमावलं. म्हणून हे जरा कडक शब्दांत लिहितोय.

सुटलेल्या पॉलिपला पिल्लू समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी स्वतः केली आहे.

माझ्याकडे हॅमर नावाचं फांद्यांचं प्रवाळ होतं, अकरा डोकी. प्रत्येक डोकं म्हणजे एक पॉलिप, सांगाड्यात बसलेला मऊ शुंडकांचा जीव. एका सकाळी दिवे लागले तेव्हा दोन डोकी रिकामी, नुसता पांढरा सांगाडा उरलेला, आणि दोन मऊ गोळे खालच्या वाळूवर लोळत होते. शुंडकं शाबूत, रंग हिरवागार. मी बायकोला हाक मारली, "अगं, खाली ये, हॅमरला पिल्लं झाली!" पुण्याला आईला व्हिडिओ पाठवला. दुसऱ्या दिवशी आणखी तीन गोळे पडले. चौथ्या दिवशी अकराही डोकी रिकामी झाली.

याला पॉलिप बेलआउट म्हणतात. परिस्थिती असह्य झाली की पॉलिप आपला सांगाडा सोडून निघून जातो. पॉल सामार्को या संशोधकांनी १९८२ साली सेरियाटोपोरा हिस्ट्रिक्स या प्रवाळात हे नोंदवलं. तिथे सुटलेले पॉलिप दुसरीकडे रुजून नवा सांगाडा बांधताना दिसले, म्हणून त्याला पुनरुत्पादनाचा एक मार्गही म्हटलं गेलं. नवशिक्यांपर्यंत त्यातला फक्त 'पुनरुत्पादन' हा शब्द पोहोचतो. ही जीव वाचवायची शेवटची धडपड आहे, हे कुणी सांगत नाही. हॅमरसारख्या मोठ्या पॉलिपचा गोळा घरच्या टाकीत क्वचितच रुजतो. माझ्या अकरापैकी एक सात आठवडे टिकला, मग विरघळून गेला.

कारण शोधायला मला तीन दिवस लागले, कारण आकडे सगळे बरोबर होते. तापमान २५.५ अंश, क्षारता ८, खारटपणा (पाण्याचं विशिष्ट गुरुत्व) १.०२५. शेवटी एका जुन्या जाणत्या मित्राने विचारलं, "हायड्रोमीटर शेवटचा कधी धुतलास?" खारटपणा मोजायला मी काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर वापरत होतो. काट्यावर मिठाची पापडी चढली होती. त्यामुळे काटा जड झाला, कमी वर जायचा आणि कमी आकडा दाखवायचा. मी तो आकडा खरा मानून प्रत्येक वेळी पाणी बदलताना थोडं जास्त मीठ घालत गेलो. त्या मित्राच्या रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाशाच्या वाकण्यावरून खारटपणा मोजणारं यंत्र) खरा आकडा निघाला १.०३१. महिनोन्‌महिने मी त्या हॅमरला हळूहळू लोणच्यात घालत होतो. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

तेव्हापासूनची माझी सवय: प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) प्रमाणित द्रावाने तपासायचा. नुसत्या शुद्ध पाण्याने शून्य जुळवून भागत नाही, आपल्याला ३५ पाशी काय दिसतं ते महत्त्वाचं. खारटपणा चढलेला सापडला तर रोज ०.००१ पेक्षा जास्त उतरवत नाही. उतरवायची घाई केली की उरलेलीही डोकी जातात.

ओळखायचं कसं? आईकडे बघा. खऱ्या पिल्लांची आई धडधाकट असते, अंग भरलेलं असतं. बेलआउटमध्ये मागे रिकामा सांगाडा राहतो. पिल्लू काचेला किंवा दगडाला घट्ट चिकटलेलं असतं. सुटलेला पॉलिप लोळत किंवा तरंगत असतो.

दिसलं की खरवडणं

खरी पिल्लं बहुतेकदा पोसिलोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची असतात. हे प्रवाळ अळ्या पोटात वाढवून सोडतं. अळीला आईकडूनच उजेडावर अन्न बनवणारं शैवाल मिळालेलं असतं, त्यामुळे ती सुरुवातीपासून तपकिरी आणि स्वतःचं पोट भरणारी असते, आणि रुजायची जागा शोधत कित्येक आठवडे पाण्यात काढू शकते. म्हणून पिल्लू आईजवळ न सापडता ओव्हरफ्लोच्या (पाणी बाहेर सोडणाऱ्या कप्प्याच्या) भिंतीवर किंवा पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) जाळीवर सापडतं. पोसिलोपोरा डॅमिकॉर्निसच्या अळ्या तर बऱ्याचदा नर-मादी बीजांशिवायच तयार होतात, म्हणजे ते पिल्लू आईचीच हुबेहूब प्रत असतं. सन कोरलही असंच करतं, त्याचे नारिंगी ठिपके अंधाऱ्या कोपऱ्यात निघतात.

आता त्या पाचातल्या एका मुलाची गोष्ट. त्याच्या काचेवर चौदा ठिपके होते, प्रत्येक मोहरीच्या दाण्याएवढा. मी सांगितलं, हात लावू नकोस. त्याच संध्याकाळी त्याने जुन्या एटीएम कार्डाने सगळे खरवडले, सुपरग्लूने फ्रॅगच्या, म्हणजे प्रवाळाचे तुकडे लावायच्या, छोट्या बुंध्यांवर चिकटवले, आणि विकायचा भावही ठरवला. आठवड्याभरात चौदाही पांढरे पडले. त्या वयात सांगाडा कागदाएवढा पातळ असतो. कार्ड घातलं की सांगाडा काचेवरच राहतो, मांस फाटून हातात येतं. त्याचा राग येत नाही, पण चौदा जीव गेले याचं दुःख आहे. काही महिने थांबणं जमत नसेल तर हा छंद आपला नाही, असं मला मनापासून वाटतं.

मी काय करतो: ठिपका दिसला की काचेच्या बाहेरून मार्करने गोल काढतो आणि तारीख लिहितो. चुंबकी ब्रश त्या गोलाला वळसा घालून फिरवतो. नखाएवढं झालं, दोन-चार फांद्यांचे कोंब दिसायला लागले, की मग पातळ धारेचं ब्लेड काचेला सपाट टेकवून सांगाड्याच्या खालून सरकवतो. माझ्या टाकीत त्याला सहा ते आठ महिने लागतात. ॲक्रिलिकच्या टाकीत ब्लेड चालत नाही, ओरखडे पडतात. तिथे पिल्लू आहे तिथेच राहू द्यावं. पॉवरहेडच्या पंख्यापाशी रुजलेलं मात्र लगेच काढावं लागतं, नाहीतर पंखा अडकतो. तिथे माझाही इलाज चालत नाही.

ऐप्टेशियाला पिल्लू समजून पोसणं

काडीने हलकेच हात लावा. क्षणात भोकात गडप झाला तर ऐप्टेशिया. हा एक समुद्रफूल आहे, त्याला सांगाडा नसतो. त्याला कापू नका, चिमट्याने ओढू नका. तळाचा तुकडा मागे राहिला की त्यातून नवा उगवतो. एकाचे दहा असेच होतात. मी चुन्याची दाट लापशी सुईने थेट तोंडावर सोडतो, पंप दहा मिनिटं बंद ठेवून.

पाणी दुधाळ झालं की औषध ओतणं

रात्री टाकीत धुरासारखं पसरलेलं दिसलं, तर आधी बघा धूर निघतोय कुठून. काचेच्या वरच्या कडेला चढलेल्या गोगलगायी बीजं सोडत असतात, दहापैकी नऊ वेळा तेच असतं. अक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाने बीजं सोडली तर गुलाबीसर बारीक गोळ्या वर येऊन पृष्ठभागावर तरंगतात. घरच्या टाकीत ते दुर्मीळ आहे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी ऋतूंनुसार बदलतं तापमान, ऊन आणि चांदणं यांची बारकाईने नक्कल केली, तेव्हा कुठे अक्रोपोरा ठरल्या वेळी बीजं सोडायला लागलं. त्यांची पद्धत २०१७ साली प्रसिद्ध झाली.

काहीही असलं तरी ती बीजं कुजतात, अमोनिया चढतो, प्राणवायू उतरतो. पाणी साफ करायचं म्हणून बाटलीतलं काहीही ओतू नका. हवेचा दगड (हवेच्या पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड) सोडा, पाणी गाळायचा ताजा कार्बन लावा, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप रिकामा करत राहा, सकाळी अमोनिया तपासा आणि पाचवा हिस्सा पाणी बदला. त्यासाठी मी टाकीच्या वीस टक्के एवढं खारं पाणी कालवून झाकून ठेवतो, नेहमी. रात्री दोनला मीठ विरघळवत बसण्यात अर्थ नसतो.

बाकीच्या चुका

झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप ही मऊ प्रवाळं मुख्य खडकाला लावू नका, त्यांना वेगळा खडक द्या. ती एकदा पसरली की थांबत नाहीत.

मशरूम (छत्रीसारखा दिसणारा, प्रवाळाचा नातलग) ओरबाडून काढू नका, राहिलेल्या तुकड्यातून परत येतो.

पॅलिथोआ (बटणासारखे पॉलिप असलेला, प्रवाळाचा नातलग) वाढलेला खडक कधीही, कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, कोरडा घासू नका. त्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, आणि त्या वाफेने अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेली आहेत. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांसाठी: भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. मालवणच्या समुद्रातून तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे. 'मेलेलाच होता' ही सबब मला सांगू नका.

सध्या माझ्या काचेवर तीन गोल आहेत. सगळ्यात जुन्यावर ९ मार्च लिहिलंय. तो अजून नखाएवढा झालेला नाही, म्हणून ब्लेड ड्रॉवरमध्येच आहे.