गव्हाच्या पेरणीआधी: मशागत, आच्छादन आणि नत्र यांची तयारी

कृष्णाकाठी वाळवा-कराड भागात गहू बहुधा सोयाबीनमागे किंवा तुटलेल्या खोडव्याच्या (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांपासून पुन्हा घेतलेल्या उसाच्या) रानात येतो; त्यामुळे रानात आधीच्या पिकाचे काय उरले आहे हे पाहूनच मशागत, आच्छादन आणि युरिया (नत्र, म्हणजे नायट्रोजन देणारे खत) यांचा हिशेब एकाच बैठकीत मांडावा. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी 1 ते 15 नोव्हेंबरची. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते, म्हणून पाळ्यांवर पाळ्या (रानातून औताच्या फेऱ्या) घालण्यात हे दिवस जाऊ देऊ नयेत.

मशागतीआधी कुदळीने चार-पाच ठिकाणी वीतभर खणून खाली घट्ट थर आहे का ते पाहावे. थर असल्यास वाफशावर (माती फार ओली नाही, फार कोरडीही नाही अशा वेळी) नांगरट करावी, कारण ओल्या काळ्या रानात नांगर घातला की निघालेली ढेकळे पुढे फुटता फुटत नाहीत. थर नसल्यास सोयाबीनच्या रानात कुळवाची एक पाळी पुरते; रोटावेटर पुन्हा पुन्हा फिरवल्याने वरची माती पीठ होते आणि खाली तळ आवळतो, हे नुकसान मला मोठे वाटते. खोडव्याचे बुडखे मात्र काढावेच लागतात.

आच्छादनासाठी पाचट (उसाची वाळलेली पाने) जाळू नये. एकरी दोन टन वाळलेले, तुकडे केलेले पाचट बाजूला रचून ठेवावे आणि उगवण झाल्यावर ओळींमध्ये पातळ पसरावे. जाड थराखाली रोपे पिवळी पडतात. ओल टिकते, तण दबते, फेब्रुवारीच्या उन्हात माती कमी तापते. खटाव-माणकडे, जिथे दोन-तीनच पाणी मिळते, तिथे आच्छादनाचे मोल कालव्याच्या रानापेक्षा कितीतरी अधिक आहे. पाटाने जोरात पाणी सोडल्यास पाचट वाहून साऱ्याच्या (पाणी देण्यासाठी पाडलेल्या लांबट वाफ्याच्या) टोकाला गोळा होते, तेव्हा सारे लहान ठेवावेत आणि वाळवीवर लक्ष असावे.

हेच पाचट पेरणीच्या तोंडावर मातीत गाडले, तर ते कुजवणारे जिवाणू उपलब्ध नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि ऐन फुटव्याच्या (बुडातून नवे कोंब फुटण्याच्या) वेळी गहू उपाशी राहतो. वर पसरलेल्या पाचटाचा मातीशी संबंध कमी येत असल्याने ही ओढ कमी असते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 40 किलो पालाश अशी आहे, म्हणजे एकरी 48 किलो नत्र. माती परीक्षणात वेगळे काही निघाले नाही, तर एकरी 52 किलो डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही देणारे खत) व 32 किलो युरिया पेरणीसोबत, दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळे पेरणाऱ्या औताने) बियाण्याजवळ पण खाली पडेल असे द्यावे, त्यातच 27 किलो म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशाचे खत) घालावे. राहिलेला 52 किलो युरिया एकविसाव्या दिवसाच्या पाण्यासाठी आधीच आणून कोरड्या जागी ठेवावा. त्या वेळी मुकुटमुळे (खोडाच्या बुडाशी येणारी मुख्य मुळे) फुटत असतात आणि फुटव्यांची संख्या तिथेच ठरते. हा युरिया पाचटावर फेकल्यास त्यातले नत्र अमोनिया होऊन उडते. म्हणून पाचट सारून तो ओळीलगत मातीवर टाकावा आणि लगेच हलके पाणी द्यावे. गहू काळाभोर दिसावा म्हणून वर आणखी एक पिशवी देण्याचा मोह टाळावा, कारण मऊ वाढलेला गहू वाऱ्याने लोळतो आणि दाणा बारीक राहतो.

एक सारा आच्छादनाविना राखून, खते तीच देऊन, दोन्हीकडचे चौरस मीटरमधील फुटवे मोजण्यासाठी चार खुंट्या आणि सुतळी आताच बाजूला काढून ठेवावी.