मराठीत विचारलं की महाराष्ट्राचा कायदा मिळतो: वकिलीत एआय वापरताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेतल्या किंवा लोकमान्यनगरातल्या एखाद्या काकूंना जुन्या भाडेकरूकडून घर खाली करून घ्यायचं आहे, अशी कल्पना करा. पुतण्या एआयला मराठीत प्रश्न विचारतो आणि सुबक उत्तर येतं: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम १६. पुण्यात ते चालेलही. इंदुरातल्या अशा दाव्याला मात्र मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम १९६१ लागतो आणि घर खाली करण्याची कारणं त्याच्या कलम १२ मध्ये आहेत. शिवाय काकू विधवा असतील किंवा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या असतील, तर स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी कलम २३-क चा वेगळा रस्ता आहे. तो दिवाणी न्यायालयात नाही, भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जातो. हा फाटा एआय आपणहून दाखवील, या भरवशावर राहू नका.

आपल्याकडच्या मराठी माणसाची ही खास अडचण आहे. भाषा पाहून यंत्र राज्य ठरवतं. शेतीचा प्रश्न असेल तर सातबारा आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता पुढे येते. इथे मध्य प्रदेशात खसरा-खतौनी चालते आणि भू-राजस्व संहिता १९५९ ची आहे. प्रश्नातच राज्य, शहर, न्यायालय आणि कायद्याचं वर्षासकट नाव लिहा. तोच प्रश्न हिंदीतही विचारून पाहा. दोन उत्तरं जुळली नाहीत, तर मूळ कलम उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका. (जुळली तरी उघडाच.)

कलमांचे जुने-नवे आकडे

१ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले, पण यंत्राने वाचलेले बहुतेक निकाल जुन्या आकड्यांचे आहेत. सगळ्यात घातक आकडा ४८२. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत (सीआरपीसीत) ते उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचं कलम होतं, एफआयआर रद्द करायला सगळे तिथेच जायचे. आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. नुसतं ‘४८२ खाली अर्ज लिहून दे’ म्हटलं तर मथळा एका संहितेचा आणि मजकूर दुसऱ्या अर्जाचा, असा मसुदा हातात पडू शकतो.

आकडे बदलणारा तक्ता जवळ ठेवला म्हणजे झालं, असंही नाही. गुन्हा जून २०२४ चा आणि एफआयआर ऑगस्टची असेल, तर गुन्ह्याचं कलम जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंविचं) राहतं आणि कार्यपद्धती नव्या संहितेची. एआयला घटनेची आणि एफआयआरची, दोन्ही तारखा द्या.

खोटा निकाल पकडता येतो, मेलेला निकाल फसवतो

न्यूयॉर्कचं २०२३ मधलं माटा विरुद्ध अविआंका प्रकरण बहुतेकांच्या कानावर आहे. एआयने रचलेले निकाल दाखल केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. ‘हे निकाल खरे आहेत ना?’ असं वकिलाने त्याच एआयला विचारलं होतं, आणि त्याने होकार दिला होता. आपल्याकडेही आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू पीठाला डिसेंबर २०२४ चा एक आदेश मागे घ्यावा लागला, कारण त्यात अस्तित्वातच नसलेले निकाल आले होते.

असे निकाल शोधायला गेलं की सापडत नाहीत, म्हणून सुटका होते. माझ्या मते खरी भीती वेगळी आहे: निकाल खरा असतो, सापडतो, आणि तरी कामाचा नसतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या पुराव्याला प्रमाणपत्र लागतंच का, असं विचारा. शफी मोहम्मद (२०१८) पुढे येऊ शकतो, त्यात सवलत आहे, पक्षकार खूश. पण तो सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात रद्दबातल ठरवला. म्हणून निकाल मिळाला की तो नंतर कुठे कुठे उद्धृत झाला आणि काय म्हणून, ते पाहायचं. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्याच ई-एससीआर या ऑनलाइन संग्रहात फुकट मिळतात. आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा निकाल असेल तर न्यूट्रल सायटेशन, म्हणजे न्यायालयानेच निकालाला दिलेला क्रमांक, पाहा: ‘एमपीएचसी’नंतर इंदूर खंडपीठासाठी ‘आयएनडी’, ग्वाल्हेरसाठी ‘जीडब्ल्यूएल’ येतं.

आणि परिच्छेद स्वतः वाचा. हरलेल्या वकिलाचा युक्तिवादच न्यायालयाचं मत म्हणून सारांशात येतो, हे फार होतं. निकालात दोन्ही बाजूंचं म्हणणं आधी आणि निष्कर्ष नंतर असतो. यंत्राला ती सीमा नेहमी कळत नाही.

फोनमधला पुरावा

आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र दोन भागांत आहे: भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-आकडा, लिहावी लागते. पक्षकार व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, आपण त्याचीच हॅश काढतो, आणि ती मूळ फाइलशी जुळत नाही, कारण पाठवताना व्हिडिओ आकसला जातो. फाइल केबलने किंवा पेनड्राइव्हवर घ्या, हॅश आधी काढा आणि मगच प्रती करा. पक्षकाराला पहिल्याच भेटीत बजावा: फोन विकायचा नाही, बदलायचा नाही, रीसेट तर मुळीच नाही. मूळ फोनच न्यायालयात हजर करता आला आणि तो आपलाच असल्याची साक्ष मालकाने दिली, तर प्रमाणपत्राची गरज उरत नाही.

गुप्तता

फुकटच्या एआयमध्ये पक्षकाराचं नाव, आधार, पूर्ण कैफियत टाकू नका. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं उघड न करण्याचं बंधन साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायव्यवस्थेसाठी एआयचं धोरण काढलं, त्यातही मंजूर साधनंच वापरण्याचं बंधन आहे.

कृतिदेवचं दुखणं

जुने हिंदी मसुदे बहुधा कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. ते एआयमध्ये चिकटवले की रोमन अक्षरं आणि अर्धविरामांचा चिवडा दिसतो, आणि एआय त्यावरही आत्मविश्वासाने काहीतरी लिहून देतं. आधी युनिकोडमध्ये बदला, मग जोडाक्षरं, रफार, तारखा आणि खसरा क्रमांक डोळ्यांनी तपासा. एक आकडा हलला की जमीन शेजाऱ्याची होते.

होळकरकालीन मोडी कागदाचा फोटो काढून ‘वाच’ म्हणणं तर सोडूनच द्या. जे वाचता येत नाही तेही यंत्र ओळीमागून ओळ रचून देऊ शकतं, आणि मोडी न येणाऱ्या आपल्याला ते पकडता येत नाही. जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्या, त्यावर त्याची सही घ्या, आणि हिंदी अनुवाद त्या लिप्यंतरावरून करा.